वय आहे, मोठा झाला की सुटेल?

मुलाच्या दप्तरात सिगारेटचं पाकीट सापडलं की आईवडील हादरून माझ्याकडे समुपदेशनाला येतात आणि थोड्याफार फरकाने एकच विचारतात, "या वयात सगळेच करून बघतात ना? मोठा झाला की सुटेल आपोआप?"

काहींची सुटते, नाही असं नाही. पण त्या भरवशावर बसू नका, असं मी सांगते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या) २०१२ च्या अहवालानुसार, रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते. एखादी ओढून बघणारा प्रत्येक मुलगा व्यसनी होत नाही. पण मोठेपणीच्या व्यसनाचा माग काढला तर तो बहुधा याच वयापाशी पोचतो.

सोळा वर्षांचा एक मुलगा आईवडिलांबरोबर आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई एकटीच बोलत होती. वडील स्वतः ओढणारे, त्यामुळे गप्प. मी त्यांनाच विचारलं,

"तुम्ही कधी सुरू केलीत?"

"सतराव्या वर्षी. नोकरी लागली की सोडणार होतो."

"मग?"

"मग म्हटलं लग्न झालं की. मग हा झाला की..."

मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून वडिलांकडे बघितलं.

एकटा बोलायला बसल्यावर मात्र तो ठाम होता. "आठवड्याला चार-पाच, मॅडम. तीही मित्रांबरोबर. मनात आणलं तर उद्या बंद करीन." मी वाद घातला नाही. उपदेश ऐकून ऐकून ही मुलं कान बंद करूनच येतात. म्हटलं, "सोडायचं नंतर बघू. प्रत्येक सिगारेटच्या आधी कुठे होतास, बरोबर कोण होतं, मनात काय चाललं होतं, एवढंच लिहून आण."

पुढच्या वेळी मोबाइल काढून तो वाचायला लागला. "टेस्टमध्ये मार्क कमी. जिन्यात." "आईबाबांचं भांडण. गच्चीवर." "उद्या तोंडी परीक्षा. गच्चीवर." आणि थांबला. खालीवर करून पुन्हा बघितलं.

"मॅडम, यात मित्र कुठेच नाहीत."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही माझ्या कामातली मोठी कमाई आहे, असं मी मानते. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "म्हणजे मी ती टेन्शनसाठी ओढतो. आणि टेन्शन तर पुढे वाढणारच आहे."

हे मी सांगितलं असतं तर त्याने उडवून लावलं असतं. माझं मत वर्षानुवर्षं हेच आहे : किती ओढतो ते मोजत बसण्यापेक्षा सिगारेटवर कोणतं काम सोपवलंय ते बघावं. केवळ मित्रांसाठी ओढली जाणारी सिगारेट मित्र पांगले की सुटू शकते. ताणावरची सिगारेट नोकरी, संसार, कर्जाचे हप्ते सगळीकडे सोबत येते. शिवाय निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे 'ताण आला की सिगारेट' हा धडा या वयात पटकन पक्का होतो. त्यात दोन सिगारेटींच्या मधल्या वेळी, निकोटिन उतरलं की होणारी चिडचिड बरेचदा आधीच्या सिगारेटचीच देणगी असते. हे ऐकून तो हसला. "म्हणजे आग लावणार तीच आणि विझवणार पण तीच!"

पुढचं काम तसं साधंच. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायला त्याने जिने उतरून चक्कर मारणं निवडलं. वडिलांनी घरात ओढणं बंद केलं. परीक्षेत मुलाने दोन ओढल्या आणि स्वतःहून येऊन सांगितलं. त्यावर घरात आरडाओरडा झाला नाही, याचं श्रेय मी आईला देते.

तेव्हा पालकहो, खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. "किती ओढतोस?" ऐवजी "कधी ओढावीशी वाटते?" असं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. "आठवड्याला दोनच" यावर निर्धास्त होऊ नका. काही मुलांना रोजची सवय लागण्याआधीच तलफ यायला लागते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर नुसत्या समुपदेशनावर न थांबता डॉक्टरांकडेही जा. सिगारेट सोडायला मिळणारं निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी स्वतःच्या मनाने मात्र देऊ नका. या वयात ते डॉक्टरांनीच ठरवायचं.