पाणी-सल्ला: टेबल नागपुरात, साइट परदेशात

परदेशातल्या पाणी आणि मलनिस्सारण योजनांची सल्लागारीची कामं करणाऱ्या, किंवा करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : अदिस अबाबाजवळच्या योजनेत पंप सुरू केला की खडखडतो आणि ठरल्यापेक्षा कमी पाणी देतो. डिझाइन आमच्या नागपूरच्या ऑफिसात झालं. हीच हिशेबाची शीट रामटेकच्या कामात बरोबर चालली होती. मग बिघडलं कुठे? (एक अभियंता, धंतोली)

पहिला संशय समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर घ्या. नागपूर साधारण 310 मीटरवर आहे, अदिस अबाबा 2,350 च्या आसपास. विहिरीतलं पाणी पंपापर्यंत चढवतो तो हवेचा दाब. नागपुरात तो पाण्याच्या सुमारे 9.9 मीटर स्तंभाइतका मिळतो, अदिसला 7.7. तुमच्या शीटमध्ये नागपूरचा आकडा कायमचा टाकलेला असणार.

उदाहरण घ्या. सक्शनची उंची (विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंत) 4 मीटर, पाइप आणि फूट व्हॉल्व्हमधलं (पाइपच्या तळाच्या झडपेतलं) घर्षण 0.6 मीटर. नागपुरात पाणी 35 अंशांवर असेल तर बाष्पदाबाचे 0.6 वजा करा, हाती 4.7 मीटर एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ न देणारा शिल्लक दाब) उरतो. अदिसला 20 अंशांच्या पाण्यासाठी 0.2 वजा केले तरी उरतात 2.9. पंपाची गरज 3.5 मीटरची असेल, तर तोच पंप रामटेकला निवांत चालेल आणि अदिसला पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटत राहतील. खडखडाट त्याचाच. असंच चालू ठेवलं तर इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाला) खड्डे पडतात.

डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून डिस्चार्ज कमी केला तर आवाज तात्पुरता कमी होतो, पण लोकांना पाणीही कमी मिळतं. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र कधीच आवळू नका; दुखणं वाढेल. खरा उपाय म्हणजे पंप खाली नेणं किंवा पाण्यात बुडून चालणारा व्हर्टिकल टर्बाइन किंवा सबमर्सिबल पंप घेणं. ते जमत नसेल तर सक्शन पाइप एक माप मोठा करा. रिड्यूसर (मोठा पाइप पंपाच्या लहान तोंडाला जोडणारा तुकडा) एक्सेंट्रिकच, म्हणजे एका बाजूने सपाट, हवा आणि त्याची सपाट बाजू वर, नाहीतर तिथे हवा अडकते.

मोटरकडेही पाहा. साधी मोटर 1,000 मीटर उंचीपर्यंतच पूर्ण क्षमतेची धरलेली असते. त्यावर हवा विरळ, म्हणून ती कमी गार होते. उत्पादकाकडून डीरेटिंगचा (उंचीमुळे क्षमता किती कमी धरायची त्याचा) तक्ता मागवा, जनरेटरसाठीसुद्धा. शिवाय इथिओपियात थ्री-फेज पुरवठा 380 व्होल्टचा आहे. आपली 415 ची मोटर तिथे लावली तर टॉर्क जवळपास 84 टक्क्यांवर येतो आणि करंट वाढतो. पुढेमागे एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) काम आलं तर पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं गणितही नव्यानेच करा, कारण विरळ हवेत पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

प्रश्न : आमची तीन भागीदारांची डिझाइन फर्म आहे. जागतिक बँकेच्या पैशांतून होणाऱ्या आफ्रिकेतल्या कामांत शिरायचं तर सुरुवात कशी करावी? (धरमपेठ)

आधी निवड कशी होते ते समजून घ्या. एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट (काम करायची तयारी दाखवणारे अर्ज) मागवले जातात आणि त्यातून 5 ते 8 फर्म शॉर्टलिस्ट होतात. या टप्प्यावर फर्मचा अनुभव बघतात. माणसांचे सीव्ही नंतर, प्रस्तावात. गुणवत्ता आणि किंमत दोन्ही बघणाऱ्या पद्धतीत बऱ्याचदा 80:20 वजन असतं. समजा, एका फर्मला तांत्रिक गुण 88 आणि तिची किंमत सर्वांत कमी किमतीपेक्षा 20 टक्क्यांनी जास्त. दुसरीला तांत्रिक 80 आणि किंमत सर्वांत कमी. पहिलीचे एकूण गुण सुमारे 87, दुसरीचे 84. महाग फर्म जिंकते. म्हणून दर पाडून काम मिळवण्याची इथली सवय सोडा. टीम लीडरचा सीव्ही नीट लिहा: कोणत्या योजनेत, कोणत्या पदावर, किती महिने, नेमकं काय केलं. तारखा एकमेकांवर चढल्या तर परीक्षकाचा पूर्ण सीव्हीवरचाच विश्वास उडतो. आणि दाखवलेला माणूस नंतर सहजासहजी बदलता येत नाही.

जेव्हीची (दुसऱ्या फर्मशी भागीदारी करून काम घेण्याची) घाई नको. त्यात जबाबदारी संयुक्त असते. जोडीदार पळाला तर अख्खं काम तुमच्या गळ्यात. सुरुवातीला सब-कन्सल्टंट व्हा: नेटवर्कचं मॉडेल, तपशीलवार ड्रॉइंग, बीओक्यू (कामांच्या परिमाणांची यादी) ही कामं नागपुरातून उत्तम होतात. करारात ‘मूळ सल्लागाराला पैसे मिळाल्यावर तुम्हाला’ अशी अट आली तर तिला दिवसांची मर्यादा घाला. तुमच्या वाट्याचं काम स्पष्ट लिहिलेला दाखला क्लायंटकडून घ्या. पुढच्या शॉर्टलिस्टला तोच उपयोगी पडतो.

सर्व्हे हातात आला की मॉडेलला बसण्याआधी डेटम, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश कोणत्या आधारावर मोजलेत ते, विचारा. इथिओपियाचे जुने नकाशे अडिंडन डेटमवर, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर. दोन्ही मिसळले तर पाइपलाइन 200 मीटरहून जास्त सरकते. हा घोटाळा ऑफिसात बसून दिसत नाही, खोदाईच्या दिवशी दिसतो.

प्रश्न : नागपूरच्या भांडेवाडी केंद्राचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. हाच आराखडा आफ्रिकेतल्या छोट्या शहरासाठी सुचवावा का? (एम.टेक. विद्यार्थी, कामठी)

आधी तिथे गटारं आहेत का ते बघा. भांडेवाडी चालतं कारण मागे मोठ्या शहराच्या गटारांचं जाळं आहे आणि पुढे रोज पाणी घेणारा ग्राहक. आपल्याकडच्या पाणीपुरवठ्याच्या मार्गदर्शक पुस्तिका गटारं असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, सार्वजनिक नळावर 40. नळकोंडाळ्यावरून हंडे भरणाऱ्या वस्तीत गटार टाकलं तर 0.6 मीटर प्रति सेकंदाचा स्वच्छतावेग गाठला जात नाही. गाळ बसतो आणि चेंबर तुंबतात.

अशा शहराला शौचखड्डे उपसण्याची आणि त्या गाळावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था लागते. केंद्राची क्षमता लोकसंख्येवरून काढू नका, बहुतेकदा ती फुगते. उपसा करणाऱ्या टँकरवाल्यांशी बोला: टाकी किती घनमीटरची, दिवसाला फेऱ्या किती, पावसाळ्यात किती, एका फेरीचे किती घेतात. केंद्र लांब असेल तर ते ओढ्यातच रिकामं करतील, म्हणून जागा निवडताना त्यांचं डिझेल हिशेबात धरा. तोंडाशी जाळी हवीच. खड्ड्यांतून चिंध्या आणि प्लॅस्टिक भरपूर येतं आणि पंप त्यानेच अडकतात.

प्रश्न : परदेशी क्लायंट बिलातून कर कापून पैसे पाठवतो. ते बुडाले समजायचे का? (सीताबर्डी)

नाही. त्या देशाशी भारताचा दुहेरी करटाळणी करार असेल तर बिल पाठवण्याआधीच आपल्या आयकर खात्याचा निवासी दाखला क्लायंटला द्या. दर कमी होऊ शकतो. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र दर बिलाला मागा. काम संपल्यावर ते मिळवायला फार वणवण होते, आणि कर कापल्याचा पुरावा नसेल तर इथल्या करात वजावट मागता येत नाही.