दारूआधी घेतलेली गॅसची गोळी पोट वाचवते का?

धाकटा भाऊ दर शनिवारी मित्रांबरोबर बसायच्या आधी पॅन्टोप्राझोल ही गॅसची गोळी घेतो आणि ‘आता पोटाला काही होत नाही’ म्हणतो, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं नाही. वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे आणि ही समजूत सतत ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करते. तेही एका गोळीत सगळे होत नाहीत. रोज घेतली तर पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. त्याने जळजळ कमी होते, आधीची जखम भरायला मदत होते. पण कडक दारूला पोटाचं अस्तर जाळायला आम्ल लागतच नाही.

आपलं जठर स्वतःच्याच आम्लात विरघळत नाही ते एका बुळबुळीत थरामुळे. हा थर मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि त्यात खायच्या सोड्याच्या जातीचा क्षार मुरलेला असतो. त्याखाली एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशी, आणि त्यांच्याखाली आत झिरपलेलं आम्ल धुऊन नेणारं रक्त. या सगळ्यांना कामाला लावतात ते अस्तरातच तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू. कडक दारू हा थर विरळ करते, पेशींची आवरणं फोडते आणि बारीक रक्तवाहिन्यांत रक्त तुंबवते.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीतल्या आंद्रे रॉबर्ट यांनी उपाशी उंदरांना शुद्ध अल्कोहोल पाजलं. तासाभराने जठर उघडून पाहिलं तर आत काळपट-लाल पट्टेच्या पट्टे, अस्तर मेलेलं. ज्यांना आधी प्रोस्टाग्लँडिन दिलं होतं त्यांच्यात हे पट्टे जवळपास नव्हतेच. अल्कोहोलऐवजी उकळतं पाणी घातलं तरी तेच. आणि प्रोस्टाग्लँडिनचा डोस इतका कमी की त्याने आम्ल घटतही नव्हतं. उलट, नुसतं आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी असा बचाव झाला नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण तुमच्या भावाचं उत्तर त्यात आहे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली हेही दिसलं की प्रोस्टाग्लँडिन दिल्यावर खोलवरचं अस्तर वाचतं, पण सगळ्यात वरच्या पेशी तरीही मरतात. आजूबाजूच्या पेशी सरकून ती जागा भरून काढतात, एवढंच.

मग अस्तर वाचवणारी औषधं नाहीतच का? आहेत. मिसोप्रोस्टॉल हे बनवलेलं प्रोस्टाग्लँडिनच, पण त्याने जुलाब होतात, पोटात कळा येतात आणि गर्भपात होऊ शकतो. सुक्राल्फेटचं सिरप जखमेवर लेपासारखं बसतं. जपानमधून आलेलं रेबामिपाइड अस्तराला प्रोस्टाग्लँडिन आणि श्लेष्मा, म्हणजे तो बुळबुळीत थर, जास्त बनवायला लावतं. ही सगळी दुखावलेल्या पोटावरची औषधं, डॉक्टरांनी तपासून द्यायची. यकृताला आणि स्वादुपिंडाला दारूपासून यातलं एकही वाचवत नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गोळीची वाटते. मागे एक पोरगा आला, ‘काका, एक गॅसची द्या आणि उद्या सकाळसाठी दोन डोकेदुखीच्या’ म्हणाला. त्याला डायक्लोफेनॅक हवी होती. ही गोळी, तशीच आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन, प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. म्हणजे रात्री दारूने अस्तर सोललं आणि सकाळी ते दुरुस्त करणाऱ्यांनाच घरी बसवलं. मी त्याला दिली नाही, समजावून पाठवलं. पॅरासिटामॉलही नेहमी पिणाऱ्याच्या यकृताला जड जाते. तुमचा भाऊ दुसऱ्या दिवशी काय घेतो, ते त्याला जरूर विचारा.

शिवाय गोळीमुळे जळजळ जाणवत नाही, मग माणूस ‘आज त्रास नाही’ म्हणत आणखी एक पेग भरतो. तो ऐकत नसेल तर निदान उपाशीपोटी पिऊ नको, पाणी न मिसळता घेऊ नको, एवढं तरी सांगा. आणि दर शनिवारी गोळी लागतेच असं असेल तर एकदा पोटाच्या डॉक्टरांकडे न्या.

डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.