मधलं भेकर कुठाय?

मुलुंड, मुंबई

पोरी,

तू डीएनएवरून काढलेला भेकर हरणांचा वंशवृक्ष पाहिला. प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर पसरला होता, चहाचा एक डाग पडलाय, रागावू नकोस. पश्चिम घाटातली भेकरं एका फांदीवर, ईशान्येकडची दुसऱ्या, आणि खाली तू पेनाने लिहिलंयस, ‘वेगळी उपजाती?’ ते प्रश्नचिन्ह एवढ्यात खोडू नकोस.

फांद्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. २०१७ साली लाल भेकरांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांतल्या) डीएनएवर अभ्यास झाला, संग्रहालयांतले जुने नमुने वापरून. तीन वंशरेषा निघाल्या: श्रीलंका आणि पश्चिम घाटाची एक, आशियाच्या मुख्य भूमीची दुसरी, सुमात्रा-जावाकडच्या सुंदा बेटांची तिसरी. तुझा निकाल त्याला धरूनच आहे. पण मायटोकॉन्ड्रिया येतात फक्त आईकडून. हरणांत माद्या बहुधा आईच्या रानाच्या आसपास राहतात, वयात आलेले नर लांब निघून जातात. आईकडून पाहिलं तर दोन रानांमध्ये भिंत दिसते आणि बाप मात्र ती भिंत ओलांडून कधीच पलीकडे गेलेला असतो. म्हणून आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीकेंद्रातल्या डीएनएचे मार्कर (ओळखखुणा) तपासल्याशिवाय उपजातीचा उच्चारही नको. दोन्ही साक्षीदार एकच सांगू लागले, की मग बोलू.

मी तुझ्या वयाची असताना अशीच घाई केली होती. दोन टोकांचे नमुने, दोन स्वच्छ गट, माझा आनंद गगनात मावेना. आमच्या सरांनी कागद उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, ‘मधलं भेकर कुठाय?’ मधल्या शेकडो किलोमीटरमधून मी एकही नमुना घेतला नव्हता. अंतर वाढेल तसा फरक हळूहळू वाढतच जातो. मधला तुकडा कापून टाकलास तर त्या उताराची पायरी दिसणारच. ती पायरी माझ्या प्रवासखर्चाने घडवली होती, भेकरांनी नव्हे!

संग्रहालयातल्या कातड्यांवरच्या चिठ्ठ्याही नीट वाच. जुन्या चिठ्ठीवर नुसतं ‘मुंबई’ दिसलं की बोरिवलीचं जंगल समजू नकोस. मुंबई इलाखा एके काळी सिंधपासून कारवारपर्यंत पसरला होता, शिवाय माल बंदरातून बोटीवर चढला म्हणूनही कुणी शहराचं नाव लिहून मोकळं होई. गाव आणि तारीख जुळत नसेल तर तो नमुना बाजूला ठेव, डीएनए कितीही सुंदर निघालेला असो.

आणि जनुकं नेहमी फोडतातच असंही नाही. काश्मीरच्या हंगुलला कितीतरी वर्षं युरोपातल्या लाल हरणाची उपजात मानत; डीएनएने त्याला मध्य आशियातल्या बुखारा हरणाशेजारी नेऊन बसवलं. उलट मणिपूरच्या संगाई हरणाचे चीनमधल्या हैनान बेटावरचे भाऊबंद वेगळी उपजात म्हणून मिरवत होते, ते २००३च्या अभ्यासात थायलंडकडच्या गटाला जाऊन चिकटले. भेकरांची तर तऱ्हाच न्यारी. आपल्याकडच्या मादीला गुणसूत्रं ६, नराला ७, आणि चीनच्या भेकराला ४६!

हे सगळं नुसतं नावापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. कान्हातले बाराशिंगे १९७० साली ६६ उरले होते. त्यांचे खूर कडक जमिनीचे, हिमालयाच्या पायथ्याशी तराईतल्यांचे दलदलीत फाकणारे. पुढे त्यांची संख्या वाढली, तेव्हा सातपुड्यात न्यायला कान्हातलेच बाराशिंगे निवडले. कुठला प्राणी कुठे सोडायचा, हे त्या तिसऱ्या लॅटिन नावावर, म्हणजे उपजातीच्या नावावर ठरतं. चुकीचं नाव दिलंस तर ट्रक चुकीच्या रानात जाईल.

बाकी कामाचं. डीएनएसाठी लेंड्या पहाटे, ताज्या असतानाच उचल. प्राण्याच्या पेशी वरच्या चिकट थरात असतात आणि पावसाची एक सर तो थर धुऊन नेते. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात चितळ-सांबरही आहेत, तेव्हा आधी लेंडी भेकराचीच आहे हे डीएनएवरून पक्कं कर, डोळ्यावर विसंबू नकोस. वनखात्याचं परवानगीपत्र सोबत ठेव. गळून पडलेलं शिंगसुद्धा परवानगीशिवाय उचलायचं नाही.

आता नवीन वृक्ष पाठवू नकोस, नमुन्यांचा नकाशा पाठव आणि मधली रिकामी जागा पेन्सिलीने रंगवून पाठव. रविवारी येणार असशील तर सकाळीच निघ, नंतर मेगाब्लॉक असतो.

तुझ्या
बाई