सासूबाई पडल्या, आता त्यांना चालू द्यायचं की नाही?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जायला उठल्या आणि पलंगाजवळच पडल्या. एक्स-रेत काही निघालं नाही. त्या म्हणतात पाय घसरला, पण फरशी कोरडी होती. त्यांना बीपी आणि जुना मधुमेह आहे, झोपेची गोळीही चालू आहे. तेव्हापासून आम्ही त्यांना एकटं उठूच देत नाही. हे बरोबर आहे ना?

उत्तर : ताई, हाड मोडलं नाही म्हणून तुम्ही विषय सोडून दिला नाहीत, हे फार चांगलं केलंत. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. पण त्यांना बसवून ठेवू नका. उतारवयात नुसतं बसून राहिलं की मांड्यांची ताकद भराभर जाते आणि पुढचं पडणं आणखी जवळ येतं.

फरशी कोरडी होती आणि त्या उठल्या उठल्या पडल्या, या दोन गोष्टींवरून माझा पहिला संशय बीपीवर आहे. दवाखान्यात बीपी बहुधा खुर्चीत बसवून मोजतात. तुम्ही डॉक्टरांना मुद्दाम सांगा : पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण बरंचसं सापडलं. जुन्या मधुमेहात नसा कमजोर झाल्या की उभं राहताना रक्तवाहिन्या हव्या तशा आकसत नाहीत, त्यात बीपीच्या गोळीची भर पडते. मेंदूला क्षणभर रक्त कमी पोचतं, तोल जातो, आणि पडलेल्या माणसाला वाटतं पाय घसरला.

झोपेची गोळी मला वयस्कर माणसांच्या उशाशी बघवत नाही. रात्री लघवीला उठावं लागतंच, आणि नेमका तेव्हा तिचा अंमल असतो. मात्र ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, सर्दीची गोळीसुद्धा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते.

तळपाय बधिर आहेत का, मोतीबिंदू आहे का, हेही तपासून घ्या. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते. सैल सपाता काढून टाका. रात्री वाटेत मंद दिवा राहू द्या. उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं.

आणि व्यायाम हवाच. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, जमेल तेवढा हातांचा आधार कमी करत, उठायचं आणि बसायचं. सुरुवातीला तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण त्यांना उचलू नका. फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या.

एक गोष्ट मात्र आजच विचारा : पडताना डोकं आपटलं होतं का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? डोक्यात हळूहळू साठणारं रक्त कित्येक आठवड्यांनीही त्रास देतं. डोकेदुखी वाढली, त्या गुंगीत राहू लागल्या, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा एका बाजूचा हात-पाय जड पडला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच रुग्णालयात न्या.