पहिल्यांदा फोन लावण्याआधी
रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमातल्या स्पर्धेत उतरायचंय ना, मग रेडिओचं ॲप बंद कर आणि साधा एफएम रेडिओ लाव. ॲपवर आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. तू नंबर फिरवेस्तोवर नागपूरच्या सीताबर्डीतला कुणीतरी बक्षीस जिंकून मोकळा होतो. लाइन लागली की रेडिओचा आवाज बंद कर, नाहीतर नुसती शिट्टी घुमते.

कार्यक्रमात संगीतावरून होणाऱ्या वादाचं मात्र निवांत घे. ‘अल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे गोंगाट’ असं कुणी म्हटलं तर चिडू नको बाप्पा. मुख्य प्रवाहाबाहेरचं हे रॉक संगीत १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओवर वाढलं, आर.ई.एम.सारखे बँड तिथूनच पुढे आले, हे सांग. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर १९९०मध्ये सुरू झालेला दिल्लीचा इंडियन ओशन आहेच. आणि ज्या बँडला नावं ठेवायची, त्याचा एक अल्बम तरी आधी पूर्ण ऐक.