आइसलंड, युरोपीय संघ आणि समुद्रावरचा हक्क

आपण विचारले आहे की, चार लाखांच्या आतल्या वस्तीचा आइसलंड युरोपीय संघात जाण्याचा पुन्हा विचार करतो आहे, तर मग इतकी वर्षे तो बाहेर का राहिला आणि केवळ मासेमारीवरून एखादा देश एवढा अडून बसतो का. होय, बसतो. मात्र किती टन मासळी कोणाला मिळणार यापेक्षा तो आकडा कोणी ठरवायचा, या मुद्द्यावर घोडे अडले आहे.

नोकरीनिमित्त मी रेक्याविकमध्ये तीन वर्षे राहिलो. तिथल्या जुन्या बंदरात ‘ओदिन’ नावाची तटरक्षक दलाची निवृत्त गस्तनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. भारतातून कोणी आले की मी त्यांना आधी तिथे नेत असे, कारण तिथे एक अवजार पाहायला मिळते. नांगरासारखे चार आकडे असलेले, आतल्या बाजूने धार लावलेले, दिसायला अगदी ओबडधोबड. गस्तनौकेने हे अवजार तारेने पाण्यात सोडून ट्रॉलरच्या मागून आडवे जायचे. ज्या पोलादी तारांवर ट्रॉलर आपले जाळे ओढत असतो, त्यातली एखादी तार या आकड्यांत सापडली की कापली जाते. दोन्ही तारा गेल्या तर आतल्या मासळीसकट जाळे तळाला जाते आणि ट्रॉलरला रिकाम्या हाताने घरी परतावे लागते. तोफ न डागता शत्रूला परत पाठवण्याचा हा उपाय ज्या देशाने शोधला, त्याच्याकडे तेव्हा सैन्य नव्हते आणि आजही नाही.

शत्रू होता ब्रिटन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल आणि ग्रिम्सबी या बंदरांचे ट्रॉलर पिढ्यान्‌पिढ्या आइसलंडभोवतीच्या समुद्रात कॉड पकडत आले होते. आइसलंडने आपली मासेमारीची हद्द 1952 मध्ये 4 सागरी मैल, 1958 मध्ये 12, 1972 मध्ये 50 आणि 1975 मध्ये 200 सागरी मैलांपर्यंत वाढवत नेली. पहिल्याच वाढीनंतर ब्रिटिश बंदरांनी आइसलंडची मासळी उतरवून घेणे बंद केले, तेव्हा ती सोव्हिएत संघाने विकत घेतली आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत पश्चिमेकडच्या राजधान्यांना त्याची चांगलीच धास्ती वाटली. पुढच्या प्रत्येक वाढीच्या वेळी ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या आणि जहाजे एकमेकांवर आदळली. 1976 च्या फेब्रुवारीत तर आइसलंडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. दोन्ही देश नाटोचे सदस्य होते. केफ्लाविकचा अमेरिकी तळ आइसलंडच्या भूमीवर होता आणि तो गमावणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. त्या वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनने 200 मैलांची हद्द मान्य केली. हलच्या अनेक गोदी-वस्त्यांमध्ये त्यानंतर कायमची मंदी आली, हेही विसरता कामा नये. तिथले खलाशी काही दरोडेखोर नव्हते, तेही पोटासाठीच समुद्रात जात होते.

पुढे 200 मैलांचे क्षेत्र ही जगभरची रीत झाली. भारतानेही 1976 च्याच कायद्याने आपले तसे क्षेत्र ठरवले. आइसलंडचे हे सागरी क्षेत्र साधारण साडेसात लाख चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच्या भूमीच्या सातपट भरते. 1944 साली प्रजासत्ताक झालेल्या या देशात स्वातंत्र्य पूर्ण केव्हा झाले, असे जुन्या पिढीतल्या माणसाला विचारले तर तो बऱ्याचदा 1976 सालाचे नाव घेतो. आपल्याकडे रुपयाच्या नाण्यावर धान्याची कणसे होती, तशी तिथल्या नाण्यांवर मासळी आहे. एक क्रोनाच्या नाण्यावर कॉड आहे, दहाच्या नाण्यावर कॅपेलिन नावाच्या लहान माशांची रांग आहे. दुकानदाराने हातावर सुटे ठेवले की तळहातावर मासळीच येते.

आता युरोपीय संघाकडे वळू. आइसलंड संघाच्या पूर्ण बाहेर आहे, हा समज बरोबर नाही. 1994 पासून तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे आणि 2001 पासून शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासण्याच्या, व्यवस्थेत आहे. संघाच्या एकल बाजारपेठेचे नियम तो आपल्या कायद्यांत आणतो, संघातले नागरिक तिथे मुक्तपणे राहतात आणि काम करतात, मात्र ते नियम ठरतात तेव्हा त्याला मत नसते. या करारातून दोन गोष्टी मुद्दाम वगळलेल्या आहेत, शेती आणि संघाचे सामाईक मत्स्यधोरण. म्हणजे बाजार मिळाला आणि समुद्रही आपल्याच हाती राहिला, अशी सोय झाली. जोवर ही सोय पुरेशी होती, तोवर पुढे जाण्याची निकड कोणाला वाटली नाही.

निकड आणली 2008 च्या ऑक्टोबरने. देशाच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या आणि क्रोनाची किंमत ढासळली. ब्रिटनने तर लांड्सबांकी या बँकेची मालमत्ता गोठवताना दहशतवादविरोधी कायद्यातल्या तरतुदी वापरल्या, आणि तो अपमान लोकांच्या मनात खोल रुतला. अशा वेळी युरोचा आसरा हवासा वाटणे स्वाभाविक होते. 16 जुलै 2009 रोजी अल्थिंग या तिथल्या संसदेने 33 विरुद्ध 28 मतांनी अर्ज करण्याचा निर्णय घेतला. सदस्यत्वाची बोलणी विषयवार प्रकरणांत होतात. एकूण 35 प्रकरणांपैकी 27 उघडली गेली आणि 11 तात्पुरती मिटलीही. मत्स्यव्यवसायाचे प्रकरण मात्र उघडलेच नाही. 2013 मध्ये सत्तांतर झाले, वाटाघाटी थांबल्या आणि 2015 च्या मार्चमध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्याला उमेदवार देश समजू नये असे पत्र संघाला पाठवले. सार्वमत न घेता अर्ज मागे घेण्याच्या हालचालींविरुद्ध 2014 मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या. एवढ्या छोट्या देशात हा आकडा फार मोठा आहे. त्या सह्या करणाऱ्यांत संघात जाऊ नये असे मानणारेही होते, पण निर्णय आपल्याला विचारून व्हावा एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मासळीचे प्रकरण का उघडले नाही, याचे उत्तर मॅकरेलमध्ये आहे. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा. अटलांटिकमधला हा भाऊबंद थवे करून लांबचा प्रवास करतो, आणि पाणी व खाद्य यांच्या ओढीने तो 2000 च्या दशकाच्या मध्यानंतर वायव्येकडे सरकत आइसलंडच्या हद्दीत शिरला. 2006 साली आइसलंडच्या नौकांना तो काही हजार टनच मिळाला होता, 2008 मध्ये त्यांनी एक लाख टनांहून अधिक पकडला. संघ आणि नॉर्वे म्हणू लागले की, हा साठा आमचा आहे, वाटपाची व्यवस्था ठरलेली आहे आणि तुम्ही मनाला येईल तेवढा कोटा जाहीर करता. आइसलंडचे उत्तर असे की, मासा आमच्या समुद्रात येऊन आमचे खाद्य खातो, मग वाट्याला आम्ही का नाही? माझ्या मते दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि सर्वांचे कोटे मिळून शास्त्रज्ञांच्या शिफारशीपेक्षा जास्त मासळी पकडली जात होती, त्याचा दोष सर्वांकडे जातो. 2012 मध्ये संघाने अशा देशांवर निर्बंध घालता यावेत म्हणून नियम केला आणि 2013 मध्ये तो शेजारच्या फेरो बेटांवर वापरलाही. 2014 मध्ये संघ, नॉर्वे आणि फेरो यांनी आइसलंडला वगळून आपापसांत करार केला. ज्याच्याशी एका टेबलावर सदस्यत्वाची बोलणी चालू आहेत, तोच दुसऱ्या टेबलावर निर्बंधांची भाषा करतो, हे आइसलंडच्या मतदाराला कसे पटावे?

संघात गेल्यावर आइसलंडचा कॉड स्पॅनिश आणि फ्रेंच ट्रॉलर लुटून नेतील, असा प्रचार तिथे होतो. तो मला अतिरंजित वाटतो. संघात कोट्यांची वाटणी 1983 पासून पूर्वापार मासेमारीच्या प्रमाणात होते. आइसलंडच्या पाण्यात संघाच्या नौकांनी 1970 च्या दशकानंतर नगण्य मासेमारी केली आहे, त्यामुळे स्थानिक कॉड आणि हॅडॉक जवळजवळ सगळा आइसलंडकडेच राहील. भीतीला जागा आहे ती इतरत्र. एक तर हे प्रमाण संघाच्या नियमात आहे, मूळ करारात नाही, आणि नियम बहुमताने बदलता येतो. चार लाखांच्या देशाचे त्या बहुमतात वजन किती, हे सांगायला नको. दुसरे, मॅकरेलसारखी फिरती मासळी कोणाची, हा वाद सदस्यत्वाने मिटत नाही, फक्त त्याची जागा ब्रुसेल्सला जाते. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. आइसलंडचा कायदा मासेमारी कंपन्यांत परकीय मालकीला अगदी मर्यादित वाव देतो. संघात भांडवलावर असे बंधन चालत नाही. 1980 च्या दशकात स्पॅनिश मालकांनी ब्रिटनमध्ये नौका नोंदवून ब्रिटिश कोट्यातली मासळी पकडली. त्यांना रोखण्यासाठी ब्रिटनने 1988 मध्ये कायदा केला, आणि युरोपीय न्यायालयाने 1991 मध्ये त्यातल्या राष्ट्रीयत्वाच्या अटी अवैध ठरवल्या. उद्या असेच झाले तर झेंडा आइसलंडचा, कोटा आइसलंडचा आणि नफा परदेशात, अशी स्थिती येऊ शकते.

या बाबतीत पूर्वीची उदाहरणे संमिश्र आहेत. नॉर्वेच्या जनतेने सदस्यत्वाला 1972 आणि 1994 असा दोनदा नकार दिला आणि दोन्ही वेळा किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोधात पुढे होते. संघाचे मत्स्यधोरण 1970 मध्ये नेमके नव्या देशांशी वाटाघाटी सुरू होण्याच्या तोंडावर ठरवले गेले होते, ही गोष्ट तिथे अजून कोणी विसरलेले नाही. ग्रीनलँड डेन्मार्कबरोबर आत गेला आणि मासळीवरूनच 1985 मध्ये बाहेर पडला. उलट माल्टा या छोट्या बेटदेशाने 1990 मध्ये अर्ज केला, 1996 मध्ये तो गोठवला, पुन्हा उकरून काढला आणि 2004 मध्ये तो संघात गेला. त्याला किनाऱ्यापासून 25 मैलांच्या क्षेत्रात मोठ्या नौकांवर मर्यादा ठेवता आली. मात्र ही मर्यादा नौकेच्या लांबीवर आहे, राष्ट्रीयत्वावर नाही. आइसलंडला 25 नव्हे तर 200 मैलांसाठी अशी सोय हवी आहे, आणि तेवढी सूट संघाने आजवर कोणाला दिलेली नाही.

या वादाची घरातली बाजूही पाहायला हवी, कारण बाहेरच्या लेखांत ती सहसा येत नाही. आइसलंडमध्ये 1984 पासून नौकावार कोटे आहेत आणि 1990 च्या कायद्याने ते मुक्तपणे विकता येऊ लागले. त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात मत्स्यसाठे ही राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहे असे म्हटले आहे. या व्यवस्थेने साठे सावरले, हे खरे आहे. पण कोटे हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाले आणि पश्चिमेकडच्या फ्योर्डांतली, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांवरची, कित्येक गावे आपला कोटा गमावून बसली. अशा एका गावात मी धक्क्यावर उभा होतो. मासळी गोठवण्याचा कारखाना बंद होता, पाण्यात दोन-तीन लहान होड्या होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मला सांगितले की, त्याच्या डोळ्यांसमोर समुद्र दोनदा हातचा गेला, एकदा इंग्रजांकडे आणि एकदा रेक्याविककडे. माझे आजोळ मालवण तालुक्यातले. कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरांविषयी आणि मोठ्या घेरजाळ्याने मासेमारी करणाऱ्या पर्ससीनवाल्यांविषयी रापणकरांचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचे, बोलणे ऐकत मी मोठा झालो, त्यामुळे त्याचे म्हणणे मला दुभाष्याशिवायही कळले असते. 2025 मध्ये कंपन्यांकडून घ्यायचे मासेमारी शुल्क वाढवण्याच्या विधेयकावर अल्थिंगच्या इतिहासातली सर्वांत लांब चर्चा झाली, यावरून हा प्रश्न घरातही किती तापलेला आहे हे दिसते.

आता पुन्हा विचार का? 2024 च्या डिसेंबरमध्ये क्रिस्ट्रून फ्रोस्टाडोटिर यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या तीन पक्षांच्या सरकारने, वाटाघाटी पुन्हा सुरू कराव्यात का यावर 2027 पर्यंत सार्वमत घेण्याचे वचन दिले. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 2023-24 मध्ये 9.25 टक्क्यांवर होता आणि घराचे हप्ते भरणाऱ्या तरुण कुटुंबांना युरोचे आकर्षण त्यातून वाटते. युक्रेनवरील आक्रमण आणि ग्रीनलँडविषयी अमेरिकेने केलेली विधाने यांमुळे, सैन्य नसलेल्या देशाला सुरक्षेची काळजीही लागली आहे. शिवाय पर्यटन आणि अॅल्युमिनियम यांमुळे अर्थव्यवस्थेतला मासळीचा वाटा पूर्वीइतका राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला निर्यातीत जवळजवळ सगळी मासळीच होती, आज वस्तूंच्या निर्यातीत ती एक-तृतीयांशाहून थोडी अधिक आहे.

माझे स्वतःचे मत असे आहे की, बोलणी व्हावीत आणि ती मासळीपासूनच सुरू व्हावीत. मागच्या खेपेस सोपी प्रकरणे आधी घेतली गेली आणि चार वर्षांनंतरही मतदाराच्या हाती ठोस असे काही आले नाही. संघ 200 मैलांच्या क्षेत्राला वेगळे व्यवस्थापन क्षेत्र मानायला तयार आहे का आणि कंपन्यांच्या मालकीवरचे बंधन करारात लिहून देईल का, हे दोन प्रश्न पहिल्या बैठकीत विचारले गेले, तर बाकीच्या प्रकरणांवर वेळ घालवायचा की नाही ते लवकर कळेल. सार्वमताने बोलण्यांना परवानगी दिली, तर वर्तमानपत्रांत मत्स्यव्यवसायाचे प्रकरण कितव्या क्रमांकाला उघडले, एवढी एक ओळ आपण शोधून वाचावी.