भुताचं गाव विचार

प्रिय मित्रा,

तुझ्या लेखाचा आराखडा वाचला. जर्मनी म्हणजे सावल्या, ब्रिटन म्हणजे किल्ले आणि ड्रॅक्युला, इटली म्हणजे भडक रंग आणि सुरे, स्पेन म्हणजे अनाथाश्रम, फ्रान्स म्हणजे चिरफाड. प्रत्येक देशाला एकेक परिच्छेद आणि शेवटी ‘प्रत्येक समाजाची भीती वेगळी’ असा निष्कर्ष. यात चुकीचं काही नाही, पण एवढं लिहायला पोस्टरं पाहिली तरी पुरतात. तू तर चित्रपट मन लावून पाहिलेले आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक भयपटाचे आधी दोन पत्ते लिहून काढ. गोष्ट कुठे घडते असं सांगितलं आहे तो एक, आणि तिचा कर्ता-करविता देश कोणता तो दुसरा. या दोन पत्त्यांत जे अंतर पडतं, त्यात त्या देशाबद्दल भुतापेक्षा जास्त सापडतं.

सुरुवात स्पेनपासून कर, कारण तिथे हे अंतर सरकारी सेन्सॉरनेच पाडलं. जासिंतो मोलिना, म्हणजे पडद्यावरचा पॉल नाश्ची, याने पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाची पटकथा लिहिली, तेव्हा त्याचा नायक आस्तुरियास प्रांतातला स्पॅनिश माणूस होता. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतल्या सेन्सॉरला स्पॅनिश माणसाने लांडगा होणं मंजूर नव्हतं. मग नायक पोलिश झाला, त्याचं नाव वाल्देमार दानिन्स्की ठेवलं आणि १९६८ मध्ये चित्रपट लागला. पुढे कित्येक वर्षं नाश्ची त्याच पोलिश सरदाराचं काम करत राहिला. नार्सिसो इबान्येझ सेराडोरचा ‘ला रेसिदेन्सिया’ (१९६९) घे. मुलींचं वसतिगृह, कडक मुख्याध्यापिका, चाबूक, कुलूपबंद दारं, एकेक करून नाहीशा होणाऱ्या मुली. त्या काळच्या स्पेनचं याहून जवळचं चित्र सापडणार नाही, पण गोष्ट घडते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये! अमान्दो दे ओस्सोरिओने १९७२ मध्ये थडग्यांतून उठणारे टेम्पलर, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्धे, सरदार आणले, ते पोर्तुगालमध्ये. हे सरदार आंधळे आहेत, सावज आवाजावरून हेरतात. त्यातला एक प्रसंग कान देऊन ऐक. एक तरुणी त्यांच्यामध्ये श्वास रोखून उभी आहे, पाऊल वाजू देत नाही, तरी तिच्या छातीची धडधड त्यांना ऐकू जाते. गप्प राहूनही सुटका नाही, हे त्या वर्षांतल्या स्पॅनिश प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको वारला. १९७६ मध्ये इबान्येझ सेराडोरचा पुढचा भयपट आला, तो थेट स्पेनमधल्या एका बेटावर आणि रणरणत्या उन्हात. तिथली मुलं मोठ्या माणसांना मारत सुटली आहेत. तू ज्या अनाथाश्रमांवर परिच्छेद लिहायला निघाला आहेस, ते याच्याही खूप नंतरचे. स्पेनच्या यादवी युद्धातला अनाथाश्रम आणि त्याच्या अंगणात न फुटता रुतून बसलेला बॉम्ब पडद्यावर आला २००१ मध्ये, आणि तो आणणारा गिएर्मो देल तोरो हा मेक्सिकन. स्पेनचं भूत स्वतःच्या घरी यायला किती वर्षं लागली, ते यावरून मोज. लेखाचा गाभा इथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

इटलीतला भयपटही परदेशीच राहिला, पण तिथली कारणं निराळी. रिकार्दो फ्रेदाचा ‘इ वाम्पिरी’ (१९५७) घडतो पॅरिसमध्ये. त्यात एक सुंदर बाई कट न घेता, एकाच शॉटमध्ये, आपल्या डोळ्यांसमोर म्हातारी होते. छायालेखक मारिओ बाव्हाने तिच्या चेहऱ्यावर रंगीत सुरकुत्या रंगवल्या होत्या. कृष्णधवल फिल्मवर दिव्याचा एक रंग त्या लपवतो, दुसरा उघड्या पाडतो. नुसता दिव्यांचा रंग बदलत नेला आणि बाई पिकत गेली. पुढच्या काळात तर दिग्दर्शकांनी स्वतःची नावंच इंग्रजी केली. फ्रेदा झाला रॉबर्ट हॅम्प्टन, बाव्हा झाला जॉन एम. ओल्ड. प्रेक्षकाला माल इंग्रजी वाटावा हा हिशेब. बाव्हाने १९६३ मध्ये खून रोममध्ये आणला, तरी तो पाहणारी मुलगी अमेरिकन. दारिओ अर्जेंतोच्या १९७० च्या पहिल्याच चित्रपटात साक्षीदार पुन्हा रोममध्ये राहणारा अमेरिकन लेखक. म्हणजे शहर आपलं झालं, पण डोळे पाहुण्याचेच राहिले. त्याच्या ‘सुस्पिरिया’त (१९७७) गाव जर्मनीतलं फ्रायबुर्ग आणि पाहुणी पुन्हा अमेरिकन. सुरुवातीचा विमानतळ आठव. काचेचं स्वयंचलित दार उघडलं की संगीत आत येतं, मिटलं की थांबतं. भीती दाराबाहेर थांबली आहे, हे एवढ्यानेच कळतं. रंगांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तू या दारावर लिही.

ब्रिटनबाबत मात्र एक सावधगिरी. हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’त (१९५८) ड्रॅक्युला इंग्लंडला पोहोचतच नाही. कादंबरीत तो जहाजाने येतो, इथे सगळी गोष्ट मध्य युरोपात उरकते, आणि तो मध्य युरोप उभा केला होता थेम्सकाठच्या ब्रे इथल्या छोट्या स्टुडिओत. यावरून ‘इंग्रजांनी भीती सीमेपलीकडे ढकलली’ असं लिहायचा मोह होईल. आधी हे लिही, की बजेट तुटपुंजं होतं आणि समुद्रप्रवास परवडणारा नव्हता. अर्थ लावायचा तो त्यानंतर. दहा वर्षांनी मायकेल रीव्ह्जने ‘विचफाइंडर जनरल’ काढला. १६४५ साल, पूर्व इंग्लंडची हिरवी शेतं, चेटकिणी शोधत हिंडणारा मॅथ्यू हॉपकिन्स, जो इतिहासात खरोखर होऊन गेला. चित्रपटात भूत एकही नाही. लॅव्हनमच्या चौकात बाईला जाळतात आणि गाव बघत उभं राहतं. इथे दोन्ही पत्ते एक झाले, आणि म्हणून तो पाहताना ब्रेच्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा जास्त थरकाप होतो, निदान माझा होतो.

जर्मनीवर थोडक्यात लिही. मुर्नाउचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) विस्मार आणि ल्युबेकच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झाला आहे, तेव्हा ‘जर्मन भयपट म्हणजे रंगवलेले वाकडे पडदे’ हे वाक्य काढून टाक. ते ‘कॅलिगरी’ या जर्मन मूकपटापुरतं खरं आहे. परक्या देशातून जहाजाने उंदीर आणि प्लेग येतो ही कल्पना पुढे त्या देशात काय झालं हे माहीत असल्यामुळे आज अंगावर येते. चित्रपट-समीक्षक क्राकाउरने त्या काळच्या चित्रपटांत हिटलरची चाहूल शोधली, पण त्याचं पुस्तक आलं १९४७ मध्ये, सगळं घडून गेल्यावर. त्याचा आधार जरूर घे, पण हे वर्षही सांग.

फ्रान्ससाठी जॉर्ज फ्रांजूचा चेहरा हरवलेल्या मुलीचा चित्रपट (१९६०) एवढा एकच पुरे. पॅरिसच्या वेशीवरचा बंगला, नामवंत शल्यविशारद, मुलीचा पांढरा मुखवटा. फ्रांजू सांगत असे, की निर्मात्याने त्याला आधीच बजावलं होतं: फ्रेंच सेन्सॉरसाठी रक्त नको, इंग्रजांसाठी प्राण्यांचा छळ नको, जर्मनांसाठी वेडा डॉक्टर नको. तीन देशांची तुलना एका वाक्यात! हा चित्रपट टिपणारा ऑयगेन श्युफ्तान हा नाझींमुळे जर्मनी सोडलेला कॅमेरामन, हेही नोंदव.

स्वीडन-डेन्मार्कचा परिच्छेद आत्ता गाळ. त्याऐवजी ड्रेयरचा ‘व्हॅम्पायर’ (१९३२) पुन्हा पाहा. दिग्दर्शक डॅनिश, कथांचा लेखक आयरिश, चित्रीकरण फ्रान्समधल्या कुर्तेंपिएर या खेड्यात, संवाद जर्मन, आणि पैसे एका उमराव तरुणाचे, त्याची अट अशी की नायक मी होणार. याला तुझ्या आराखड्यातल्या कुठल्याच देशात जागा नाही. त्याचे पत्ते कसे लिहायचे, ते तू ठरव. पुढच्या मसुद्यात तूर्त फक्त स्पेन, ब्रिटन आणि हा एक चित्रपट घे, आणि लेख लांबला तरी चालेल.

तुझा,
काका